आता घडी मोडा

मराठी घरात बाहेरून येणारा जवळजवळ प्रत्येक कागद आयताकृती असतो. विजेचं बिल, लग्नपत्रिका, गणपतीच्या वर्गणीची पावती, पेपरच्या घडीत लपून येणारी ‘दहावीत हमखास यश’ छाप पत्रकं, डॉक्टरांनी लिहिलेली आणि फक्त औषधवाल्याला वाचता येणारी चिठ्ठी. चौरस कागद म्हणून काही आपल्या पायांनी उंबरठा ओलांडून येत नाही. आणि कागदाचा साधा डबा करायला बसावं, तर कृतीच्या पहिल्याच ओळीत फर्मान असतं : ‘एक चौरस कागद घ्या.’ कुठून घ्या, ते सांगत नाहीत.

दुकानात मिळत नाहीत असं नाही. घोटीव कागदांची रंगीबेरंगी पाकिटं मिळतात. शाळेतल्या कार्यानुभवाच्या तासाची आठवण मुलांना आदल्या रात्री साडेनऊला होते, तेव्हा बापाला पिटाळतात ते हीच आणायला. पण मुद्दाम पैसे मोजून कागद आणायचा आणि त्याचा डबा करून त्यात भुईमुगाच्या शेंगांची टरफलं टाकायची, हा व्यवहार आमच्या घरात कुणाच्याच गळी उतरणार नाही. म्हणून मग प्रिंटरचा ए-फोर. तोही एका बाजूने छापलेला, पाठकोरा. कोऱ्या कागदाचा डबा करणं म्हणजे आमच्याकडे माज समजतात.

ए-फोर हा २१ सेंटिमीटर रुंद आणि २९.७ सेंटिमीटर लांब. त्याचा एक कोपरा तिरका दुमडून समोरच्या कडेला भिडवायचा, म्हणजे एक मोठा त्रिकोण होतो आणि खाली २१ बाय ८.७ चा एक पट्टा उरतो. पट्टा कापला की हाती चौरस. इतकं झाल्यावर लोक चौरसाकडे वळतात. आमची आत्या पट्ट्याकडे वळते. वाण्याच्या यादीसाठी ह्याहून योग्य आकार देवानेही काढला नसता, असं तिचं म्हणणं. तिच्या ड्रॉवरमध्ये अशा पट्ट्यांची चळत रबरबँड लावून ठेवलेली असते. ‘हरभराडाळ १ किलो, हिंग, साबण (मागच्या वेळचा नको)’ एवढं त्यात व्यवस्थित बसतं. तेव्हा आमच्याकडे मुख्य उत्पादन पट्ट्यांचं होतं आणि डबा हा जोडधंदा आहे, असं म्हटलं तरी चालेल.

आमचे काका सरकारी खात्यात ड्राफ्ट्समन होते. कागदाला हात लावताना ते अजून आधी बोटं पुसतात. चौरस कापताना मी पट्टी शोधतोय हे पाहून त्यांचा जीव खालीवर झाला.

“पट्टी कशाला? तो जो तिरका कर्ण पडलाय ना, त्यावर दुसऱ्या कागदाची लांब कड ठेवून बघ.”

ठेवली. तंतोतंत. केसाचाही फरक नाही.

“पडणारच नाही!” काका म्हणाले. ते गुणोत्तर जणू त्यांनीच खात्याकडून मंजूर करून आणलं होतं. “लांबी म्हणजे रुंदीच्या वर्गमूळ दोनपट. म्हणून तर अर्धा केला तरी कागदाचा घाट तोच राहतो. ए-झिरो बरोबर एक चौरस मीटर. चार वेळा निम्मा कर, ए-फोर. म्हणजे सोळावा भाग. आणि ऐंशी ग्रॅमचा कागद म्हणतात, तो चौरस मीटरला ऐंशी. तुझ्या हातातला कागद किती भरेल?”

“पाच ग्रॅम,” आठवीतली भाची म्हणाली. त्या क्षणापासून काका तिच्या बाजूचे झाले. हे पुढे महत्त्वाचं ठरलं.

काकांचं हे प्रकरण मी एरवी कानाआड केलं असतं, पण घड्यांतून भूमिती काढणारा माणूस आपल्या देशात खरोखर होऊन गेलेला आहे. टी. सुंदर राव यांनी १८९३ साली मद्रासला कागदाच्या घड्यांतून भूमिती शिकवणारं एक इंग्रजी पुस्तक काढलं. कल्पना सुचली ती बालवाडीतल्या मुलांसाठी फ्रोबेलने आखलेल्या साहित्यावरून, ज्यात घड्या घालायचे रंगीत कागद असत. बालवाडीच्या खेळातून निघालेल्या ह्या पुस्तकाचा उल्लेख फेलिक्स क्लाइनसारख्या नामांकित जर्मन गणितज्ञाने आपल्या लिखाणात केला आणि १९०१ साली शिकागोहून त्याची आवृत्ती निघाली. मला त्यातलं सगळ्यात भावलं ते पहिलं प्रकरण. ते चौरसावर आहे. कसाही वेडावाकडा कागद घ्या, घडी घाला, सुरीने कापा, काटकोन मिळवा, मग चौरस. ‘चौरस कागद घ्या’ एवढं म्हणून हात झटकून मोकळा न होणारा निदान एक लेखक निघाला!

आता डबा. कागदाची होडी येत नाही असा मराठी माणूस मला तरी भेटलेला नाही. साधी होडी, नांगरहोडी, विमान, टोपी, शाईची दौत, चार बोटांत अडकवून उघडमीट करत दुसऱ्याचं भविष्य सांगायचं ते खेळणं, हा सगळा ऐवज आपण पावसाळ्याच्या सुट्टीत एकमेकांकडून शिकलेलो असतो, आणि पन्नाशीतही हात आपोआप चालतात. डबा मात्र फार थोड्यांना येतो. तो अवघड आहे म्हणून नव्हे. होडीत घडीवर घडी चढत जाते. काहीतरी पुढे सरकतंय असं समाधान मिळतं. डब्यात घडी घालायची आणि लगेच मोडायची. परत घालायची, परत मोडायची. अर्ध्याहून अधिक काम झालं तरी समोर असतो तो चौकटी पडलेला, सुरकुतलेला, सपाट कागद. आपल्याकडची बहुसंख्य जनता इथेच उठून चहा ठेवायला जाते.

कृती तशी चार ओळींची आहे. दोन्ही कर्णांवर घड्या घालून मोडायच्या, म्हणजे मध्य सापडतो. चारही कोपरे मध्यावर आणायचे. लहान चौरस होतो. त्याच्या समोरासमोरच्या दोन कडा मधल्या रेषेवर आणायच्या आणि उघडायच्या. उरलेल्या दोन कडांचं तेच. मग समोरासमोरचे दोन कोपरे पूर्ण उघडायचे, बाजूच्या भिंती उभ्या करायच्या, टोकाकडून कागद उचलला की कोपऱ्यातल्या घड्या आपोआप आत वळतात, आणि मोकळी जीभ भिंतीवरून आत घेऊन तळावर टेकवली की डबा पक्का. कात्री नाही, डिंक नाही, खळ नाही, स्टेपलर नाही.

भाची शिकवत होती. काका, आत्या आणि मी डायनिंग टेबलाशी बसलो होतो.

“आता उघडा,” ती म्हणाली.

“काय उघडू?” काका.

“आत्ता घातलेली घडी.”

“का, चुकली?”

“नाही, बरोबर आलीये.”

“बरोबर आलीये तर उघडायची कशाला?”

“डबा व्हायला.”

“मग घालायलाच कशाला लावलीस?”

हा प्रश्न वरवर पाहता भाचीला होता, पण काकांची नजर भिंतीपलीकडे, बहुधा आपल्या जुन्या खात्याकडे लागली होती. केलेलं काम मोडून पुन्हा करायला लावणारे साहेब त्यांनी उभ्या नोकरीत इतके पाहिलेत की त्या गोष्टी सांगायला लागले तर रात्रीची जेवणं थंड होतात. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं, की जी घडी शेवटी राहणार नाही ती घालणं हा कागदाचा, वेळेचा आणि माणसाचा अपमान आहे. सरळ शेवटचीच घडी घालावी.

“काकाआजोबा,” भाची म्हणाली, “तुम्ही नकाशा काढताना आधी पेन्सिलीने बारीक रेघा मारायचात ना?”

“मारायचो की.”

“मग शाईने पक्क्या करून त्या पुसायचात.”

काकांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. “ते खातं वेगळं होतं,” म्हणाले. पण घडी उघडली.

मला खरी धास्ती आत्याची होती. घडी ह्या विषयात तिची मतं तीव्र आहेत. तिच्या गोदरेजच्या कपाटात अशा साड्या आहेत ज्यांची घडी अजून मोडलेली नाही. काही तर ज्या लग्नासाठी घेतल्या त्या लग्नातल्या नवरा-नवरीला आता सुना आल्या. ‘घडी मोडणे’ हा तिच्या लेखी मुहूर्त पाहून करायचा विधी. तिला कुणी ‘घाल आणि लगेच मोड’ म्हटलं तर ती टेबलावरून उठेल, असा माझा अंदाज. पण तिने नखाने कड दाबली, घडी उघडली, कागद खिडकीकडे धरून पडलेली रेघ पाहिली आणि म्हणाली, “बरोबर आहे हिचं. पैठणीची घडी सहा-आठ महिन्यांनी बदलून ठेवावी लागते, नाहीतर ती घडीवरच विरते. घडी मोडली तरी वस्त्र विसरत नाही.”

कागदही विसरत नाही. घडी घालताना त्यातले तंतू वाकतात, काही तुटतात, आणि मग कागद कितीही सपाट केला तरी पुढच्या वेळी त्याच रेषेत निमूट वाकतो. डब्याची सगळी करामत एवढ्यावर उभी आहे. तंतूंचंही एक राजकारण असतं. कारखान्यात लगदा मशीनवरून धावताना बहुतेक तंतू धावत्या दिशेला तोंड करून बसतात. त्यामुळे त्या दिशेची घडी गुण्यागोविंदाने येते आणि आडवी घालायला गेलं की कागद कुरकुरतो. खात्री करायची तर रद्दीतला पेपर घ्या आणि फाडा. एका दिशेला तो सरळ रेषेत फाटत जाईल, आणि दुसऱ्या दिशेला फाडायला गेलात तर संपादकीयातून सुरुवात करून तुम्ही छोट्या जाहिरातींत निघाल.

हे सगळं शिकायला पूर्वी आकृत्या असत. जपानात कागदाच्या करमणुकीच्या घड्यांचं जुन्यात जुनं ज्ञात पुस्तक १७९७ सालचं आहे; पण आज जगभर वापरतात ती खुणांची भाषा बसवली अकिरा योशिझावा ह्या जपानी कलाकाराने, विसाव्या शतकात. तुटक रेघ म्हणजे घडी आत, दरीसारखी. रेघ-टिंब-रेघ म्हणजे घडी बाहेर, डोंगरासारखी. बाण कुठून कुठे, ते दिसतंच. एक अक्षर न वाचता ब्राझीलमधला माणूस जपान्याचा बगळा करू शकतो. योशिझावांची ही पद्धत काकांना इतकी पसंत पडली, की हा गृहस्थ नक्की ड्राफ्ट्समन असणार असं त्यांनी परस्पर जाहीर केलं. (योशिझावा तरुणपणी कारखान्यात काम करत आणि तिथे नव्या कामगारांना घड्या घालून भूमिती समजावत, हे कळल्यावर तर त्यांनी मान अशी हलवली की जणू आपणच दिलेली शिफारस खरी ठरली.)

आता व्हिडिओ आले. व्हिडिओत चेहरा नसतो. नेलपॉलिश लावलेली दोन बोटं असतात आणि मागे सतत एकच पियानो. पहिल्या पाच घड्या, ज्या आंधळ्यालाही येतील, त्या सावकाश, दोन-दोनदा, वरून खालून दाखवतात. आणि ज्या एका क्षणी सपाट कागद उभा राहून त्याच्या भिंती होतात, नेमका त्याच क्षणी डावा तळवा कॅमेऱ्याच्या आड येतो. तळवा हटतो तेव्हा डबा झालेला असतो. मागे नेऊन पुन्हा लावा, पुन्हा तळवा. आमच्या लहानपणी गल्लीत येणारा जादूगार हेच करायचा, पण तो निदान शेवटी पैसे मागायचा.

ह्याहून वाईट एकच, फोनवर शिकवणं. आमच्या मावसबहिणीला नाशिकहून डबा शिकायचा होता. व्हिडिओ कॉल तिला मान्य नाही, कारण तेव्हा तिच्या डोक्याला मेंदी होती.

“आता त्याची चारही टोकं मध्यावर आण.”

“आणली. पाकिटासारखं झालं.”

“हं. आता हे असंच ठेवून कडा मध्यावर.”

“कुठल्या कडा? टोकं की बाजू?”

“बाजू. आधी तुझ्यासमोर चौकोन सरळ धर.”

“सरळच आहे.”

“शंकरपाळ्यासारखा नाही ना धरलास?”

फोनवर शांतता. मग कागद फिरवल्याचा आवाज. “आता नाहीये,” ती म्हणाली.

“आता घडी मोड.”

“सगळ्या?”

“नाही गं, शेवटची.”

“मी सगळ्या मोडल्या.”

आपल्याकडे दिशा सांगायची पद्धत ‘तिथून थोडं पुढे, मग विचारा’ अशी आहे. कागदावर विचारायला कुणी उभं नसतं, ही ह्या विद्येतली खरी अडचण.

ह्या डब्याला जपानात मासू म्हणतात. मूळ मासू लाकडी, तांदूळ आणि साके मोजायचं माप. आपल्याकडे निळवं, कोळवं, चिपटं, मापटं, शेर, पायली अशी उतरंड होती तशी त्यांच्याकडेही आहे. एक शो म्हणजे सुमारे १.८ लिटर, आणि त्याचा दहावा भाग एक गो, १८० मिलिलिटर. भात शिजवायच्या विजेच्या जपानी कुकरबरोबर प्लास्टिकचा छोटा कप येतो, तो अजूनही ह्याच एका गोचा. काकांनी ताबडतोब आमच्या डब्याचं गणित मांडलं. २१ सेंटिमीटरच्या चौरसातून होणाऱ्या डब्याचा तळ ७.४ सेंटिमीटर चौरस, उंची त्याच्या निम्मी, ३.७. म्हणजे काठोकाठ भरला तर २०५ मिलिलिटर. एक गो तांदूळ ओतला की वर जेमतेम अर्धा सेंटिमीटर जागा उरायला हवी. आत्याने तांदूळ ओतून पाहिला. उरली. भिंतींनी किंचित पोट काढलं, पण डबा सुटला नाही. आत्याचं चिपटं पितळेचं आहे आणि तिच्या सासूबाईंचं आहे, तेव्हा तिने कागदी मापाला तोंडी उत्तेजनार्थ बक्षीस दिलं आणि तांदूळ परत डब्यात ओतला. तिचा डबा, स्टीलचा.

वादाला तोंड फुटलं ते समोरच्या बिऱ्हाडातल्या बारावी सायन्सच्या मुलामुळे. तो कैरीचं लोणचं पोचवायला आला होता. बारावीच्या गणितात एक उदाहरण असतंच असतं : चौरस पत्र्याच्या चारही कोपऱ्यांतून सारखे चौरस कापून, बाजू वर वळवून उघडी पेटी केली, तर महत्तम घनफळ किती? उत्तर असं येतं, की कापायच्या चौरसाची बाजू पत्र्याच्या बाजूच्या एक षष्ठांश ठेवावी. त्याने उभ्या-उभ्या तोंडी सोडवलं. “काकाआजोबा, २१ ला साडेतीन. तळ १४ बाय १४, उंची साडेतीन. ६८६ मिलिलिटर. तुमच्या डब्यात तर एक तृतीयांशही मावत नाही. बाकीचा कागद गेला कुठे?”

गणित बिनचूक होतं, म्हणूनच ते झोंबलं. बाकीचा कागद कुठे जातो हे खरोखर विचारण्यासारखं आहे. आमच्या डब्याचा तळ सगळीकडे दुहेरी असतो आणि भिंती सरासरी तिहेरी. उलट बारावीच्या पेटीचे चार कोपरे कापून फेकायचे, वर चारही उभ्या चिरांना चिकटपट्टी लावायची. काकांनी त्याला तशी पेटी तिथेच करायला लावली. कात्री दिली, डिंक दिला नाही. पेटी बसली नाही. टेबलावर आडवी होऊन चारही बाजूंनी उघडली. “परीक्षेत डिंक दिलेला असतो का?” काकांनी विचारलं. मुलगा लोणच्याची बरणी ठेवून गेला. मला विचाराल तर बारावीच्या पुस्तकात त्या उदाहरणाखाली ‘पेटीत काय भरणार ते विद्यार्थ्याने नमूद करावे’ अशी ओळ हवी. त्याने मार्क वाढणार नाहीत, पण पेटी कशासाठी केली हे कुणाला तरी आठवेल.

उपयोगाचं म्हणाल तर जपानी घरांत जाहिरातींच्या पत्रकांचे असे डबे करून ठेवतात आणि स्वयंपाक करताना सालं-देठं त्यात टाकतात. भरला की डब्यासकट कचऱ्यात. आपल्याकडे पेपर पसरून भाजी निवडायची पद्धत आहे. त्यात भाजी कमी आणि बातम्या जास्त निवडल्या जातात ही गोष्ट वेगळी. पेपरच्या डब्यात टरफलं ठीक. तळलेलं काही ठेवू नये. छपाईची शाई तेलाला चिकटून पोटात जाते, म्हणून सरकारच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने पेपरात खाद्यपदार्थ गुंडाळू नका असं वारंवार बजावलं आहे. हा इशारा ज्या पेपरात छापून आला, तोच पेपर वडापाववाल्यांच्या गाड्यांवर वडापावाखाली आलेला मी पाहिलाय.

पण खोक्याच्या बाबतीत अधिकारी पुरुष पाहायचा तर दिवाळीत मिठाईच्या दुकानात जावं. काउंटरच्या मागे, मोतीचुराच्या परातींपलीकडे, एक पोरगा स्टुलावर बसलेला असतो. त्याच्याशेजारी पुठ्ठ्याच्या सपाट खोक्यांची थप्पी. तो गिऱ्हाइकांकडे बघत असतो, मालकाकडे बघत असतो, रस्त्यावरच्या फटाक्यांकडे बघत असतो. खोक्याकडे मात्र एकदाही बघत नाही. उजव्या हाताचा अंगठा मधल्या रेघेवर, एक झटका, दोन कान खाचांत, खट्, झालं. आधी घालून मोडायच्या घड्या त्याच्याआधीच कारखान्यात यंत्राने घालून मोडून ठेवलेल्या असतात. तो फक्त शेवटचा राग आळवतो. ह्या खोक्यावरच एक वाद दर दिवाळीला होतो. वजन खोक्यासकट करायचं की खोकं वगळून? कायद्याने निव्वळ वजन मालाचं असायला हवं. एका दुकानात काजूकतलीचं खोकं काट्यावर भरल्या अंगाने चढलेलं मी पाहिलं आणि विचारलं, तर मालक म्हणाले, “अहो साहेब, खोकं काय कागदाचं तर आहे!” आमचा डबा साडेतीन ग्रॅमचा आहे, हे मी तिथे सांगायला हवं होतं. काजूकतलीचा भाव पाहता ते खोकं माझ्या दिवाणखान्यातल्या शोकेसमध्ये ठेवण्याच्या किमतीचं होतं.

झाकणाची गोष्ट सांगून टाकतो, कारण तिथे बरेच जण फसतात. झाकण म्हणजे दुसरा डबाच, पालथा घातलेला. दोन्ही सारख्या कागदांचे केले तर एकात एक जात नाहीत. दोघेही आपला काठ सोडायला तयार नसतात. खालच्या डब्याचा चौरस अर्धा सेंटिमीटर कमी करावा. त्याने तळाच्या बाजूत पावणेदोन मिलिमीटरचा फरक पडतो आणि झाकण हवा सोडत खाली बसतं. ही युक्ती हाती आली आणि आत्याने जी संधी हेरली ती मला हेरता आली नसती.

संक्रांत आली होती. हळदीकुंकवाचं वाण काय द्यायचं, ह्यावर सोसायटीतल्या बायकांची दरवर्षीची चर्चा सुरू होती. गाळण्या झाल्या, साबणदाण्या झाल्या, चमचे झाले. आत्याने जाहीर केलं की यंदा झाकणाचा कागदी डबा आणि आत तिळगूळ. कागद कुठला? नुकतंच संपलेलं कॅलेंडर. गुळगुळीत, जाड, एरवी पुस्तकांना कव्हर घालायच्या कामाचं, आणि जानेवारीच्या मध्यात त्याच्याइतकं निरुपयोगी घरात काही नसतं. मासूची एक खुबी अशी, की त्यात कागदाची एकच बाजू दिसते, आतूनही आणि बाहेरूनही. दुसरी बाजू पूर्णपणे घड्यांच्या पोटात जाते. त्यामुळे तारखांची बाजू दर्शनी ठेवायची की मागच्या पाककृतींची, हे ठरवावं लागलं. तारखा जिंकल्या. पोटात गेलेल्या उपवासाच्या कचोरीचं बायकोला वाईट वाटलं, पण ती करणार नव्हतीच.

दुपारी हॉलमध्ये वर्ग भरला. सतरंजी, सगळ्यांसमोर चौरस. भाचीची शाळा होती, म्हणून आत्या शिकवत होती. काका मदतनीस, ते कुणाचा कोपरा मध्यावर नेमका येत नसला की नाकातून आवाज काढायचे.

“आता घडी मोडा,” आत्या म्हणाली.

“मोडू?” दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंचा हात थबकला. “अहो आत्ताच तर घातली. मोडायची होती तर घालायची कशाला?”

“वहिनी,” काका समजुतीच्या सुरात म्हणाले, “आधी पेन्सिलीची रेघ मारल्याशिवाय शाई लावतात का?”

डबे झाले, तिळगूळ भरला, रथसप्तमीपर्यंत वाटले गेले. मधल्या काळात घरात एकच कटकट चालू होती. गॅस संपला, आणि मागचा सिलिंडर कधी लावला होता ते कुणाला आठवेना. आत्या दर वेळी कॅलेंडरवर तारखेखाली लिहून ठेवते. कॅलेंडर नव्हतं. ‘एवढ्या लवकर संपलाच कसा’ ह्या मुद्द्यावरून बायकोची रोजची पुरणाची कढई, माझी आंघोळीची बादली आणि एजन्सीची नियत, सगळं संशयाच्या भोवऱ्यात आलं.

रथसप्तमीच्या दिवशी आत्या मागच्या बिल्डिंगमधल्या हळदीकुंकवाला गेली आणि वाण घेऊन आली. आपलाच डबा, पण फिरून आलेला. आत तिळगुळाऐवजी शॅम्पूच्या दोन पुड्या. वाणाला पाय असतात हे आत्याला नवं नाही, तिने स्वतः पुष्कळ चालवलेत. तिने झाकण काढलं, चष्मा कपाळावरून नाकावर घेतला, डबा उजेडात फिरवला आणि भिंतीवरचं आपलंच अक्षर वाचलं.

“बघ, सतरा तारखेलाच लावला होता! मी म्हणतच होते.”